सावल्यांवरून वस्तू : रामचंद्रन यांच्या पाच पानांपासून पवईपर्यंत

सन १९७१. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात पाच पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक दोघे, जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. रामचंद्रन यांचे नाव तोवर जगाला परिचित झाले होते. कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी १९५४ साली मद्रासमध्ये मांडली होती, आणि १९६३ चा 'रामचंद्रन आलेख' आजही कोणत्याही नव्या प्रथिनरचनेची पहिली परीक्षा घेतो. १९७१ चा हा लेख मात्र प्रथिनांचा नव्हता. त्याचे शीर्षक लांबलचक असले तरी आशय एका वाक्यात सांगता येतो: क्ष-किरण चित्रे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्रे यांवरून वस्तूची त्रिमितीय रचना कशी उभी करावी, आणि तीही फूरिये रूपांतराचा वळसा न घेता.

शीर्षकातील दोन नावांपैकी पहिल्याने रुग्णालये बदलून टाकली. सीटी स्कॅनच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आज 'राम-लॅक' हे नाव येते, आणि ते या दोघांच्या आडनावांचे संक्षिप्त रूप आहे हे अनेक विद्यार्थ्यांच्या ध्यानातही येत नाही. दुसऱ्या नावाची, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्रांची, कथा फारशी सांगितली जात नाही. ती बर्लिन, मेलबर्न, केंब्रिज अशी फिरत पंचेचाळीस वर्षांनी मुंबईच्या उपनगरात, पवईला येते. या धाग्यात तीच सांगायची आहे.

प्रथम सावलीविषयी. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवतात, तेव्हा पडद्याअलीकडच्या प्रेक्षकाला दिसते ती केवळ सावली. बाहुली चपटी असल्याने सावलीत तिचे बहुतेक सारे उतरते. तिच्या जागी एखादी भरीव, आणि त्यातही अर्धपारदर्शक मूर्ती धरली तर? मग पडद्यावरच्या एकाच ठिपक्यात मूर्तीचे नाक, तिच्यामागचा कान आणि त्याही मागचा मुकुट एकमेकांवर चढलेले असतील. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून निघणारे चित्र असेच असते. इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात आणि वाटेत भेटलेल्या सगळ्या अणूंचा एकत्रित ठसा पलीकडे उमटवतात. त्या चित्रात वरचे आणि खालचे असा भेद उरत नाही.

शिवाय ती सावलीही सरळ नाही. बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला, तेव्हा त्यामागची आशा साधी होती. प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणून त्याहून फार बारीक वस्तू प्रकाशाने दिसणे अशक्य. २०० किलोव्होल्ट दाबाने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००२५ नॅनोमीटर भरते. धातूतील शेजारच्या दोन अणूंमधील अंतर याच्या जवळजवळ शंभर पट असते. म्हणजे अणू दिसायलाच हवेत! तरी कित्येक दशके ते दिसले नाहीत. कारण इलेक्ट्रॉनांचे भिंग काचेचे नसून चुंबकीय क्षेत्राचे असते, आणि ओटो शेर्त्सर यांनी १९३६ साली गणिताने सिद्ध केले की अशा साध्या गोल भिंगातील गोलीय विपथनाचा दोष कधीही पूर्णपणे घालवता येत नाही. कडेने आलेले इलेक्ट्रॉन मध्याने आलेल्यांपेक्षा अलीकडेच एकत्र येतात आणि चित्र पसरते. या दोषावर प्रत्यक्ष यंत्रात मात करायला १९९० चे दशक संपत यावे लागले. रुस्का यांना नोबेलही शोधानंतर ५५ वर्षांनी, १९८६ साली मिळाले.

भारतात या यंत्राचे आगमन तसे लवकर झाले. कोलकात्यात नीरजनाथ दासगुप्ता यांनी चाळिसच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक स्वतः जुळवला. मुंबईत परळला, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या छत्राखाली उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. सत्यवती सिरसाट यांनी पेशींच्या अभ्यासासाठी त्याचा वापर रुजवला. देशातील जीववैद्यकीय सूक्ष्मदर्शनाच्या त्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. उपनगरांत ही विद्या दोन ठिकाणी वाढली. एक तुर्भे, जिथे १९५४ साली अणुऊर्जा प्रतिष्ठान, म्हणजे पुढचे भाभा अणुसंशोधन केंद्र, सुरू झाले. दुसरी पवई. आयआयटीचा पहिला वर्ग १९५८ साली भरला तो वरळीतील 'सस्मिरा'च्या इमारतीत. पवईला पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते १० मार्च १९५९ रोजी झाली. सोव्हिएत संघाची मदत युनेस्कोमार्फत येत होती. तलावाकाठच्या त्या परिसरात पुढे बाहेरच्या संशोधकांनाही खुले असलेले विश्लेषण-उपकरणांचे केंद्र उभे राहिले. महाराष्ट्रातील कितीतरी शोधप्रबंधांत 'फिलिप्स सीएम २००, आयआयटी मुंबई' अशी ओळ आढळते. आपल्या महाविद्यालयात यंत्र नाही म्हणून नमुना पवईला धाडायचा आणि करड्या रंगाची काही चित्रे घेऊन परतायचे, हा शिरस्ता अनेक वर्षांचा आहे.

त्या करड्या चित्रांचे वाचन कसे करायचे, हाच खरा प्रश्न.

अतिशय पातळ नमुना इलेक्ट्रॉन फारसे अडवत नाही. तो त्यांच्या लाटेला किंचित मागेपुढे करतो, एवढेच. लाट मागे पडली की पुढे गेली, हे कोणत्याही फिल्मला कळत नाही. फिल्म फक्त लाटेची तीव्रता नोंदवते. गंमत अशी की भिंगाचा तो न जाणारा दोष आणि मुद्दाम किंचित बिघडवलेला फोकस, ही दोन 'वैगुण्ये' एकत्र आली की लाटेचे मागेपुढे होणे उजेड-अंधारात रूपांतरित होते. पण हे रूपांतर सरळ नसते. फोकस थोडा हलवला की जे अणू काळे दिसत होते ते पांढरे होतात आणि मधल्या रिकाम्या जागाच अणू असल्याचा भास होतो. नमुना दोन नॅनोमीटरने जाड असला तरी नक्षी पालटते. नवशिक्याने चित्रातला प्रत्येक ठिपका अणू मानून मोजायला सुरुवात करावी आणि सगळी मोजणी चुकावी, असे सहज घडू शकते.

यावरचा उपाय उलट बाजूने आला. चित्रावरून रचना ओळखणे कठीण असेल, तर आधी रचना गृहीत धरावी, तिचे चित्र कसे दिसेल याचा हिशेब करावा आणि मग खऱ्या चित्राशी पडताळावे. मेलबर्नमधील जॉन काउली आणि अलेक्झांडर मूडी यांनी १९५७ साली या हिशेबाची रीत दिली. स्फटिकाचे चिरोट्यासारखे पापुद्रे कल्पायचे. प्रत्येक पापुद्रा इलेक्ट्रॉनच्या लाटेला थोडा वळवतो. मग ती लाट पुढच्या पापुद्र्यापर्यंत मोकळ्या जागेतून जाते. तिथे पुन्हा वळते. असे शेकडो पापुद्रे ओलांडून बाहेर पडलेली लाट शेवटी भिंगाच्या दोषांतून गाळायची, की चित्र तयार. आज प्रतिमा-अनुकरणाची जी सॉफ्टवेअरे वापरली जातात, त्यांतील बहुतेकांच्या गाभ्याशी हीच 'बहुपापुद्री' रीत असते.

रीत सापडली तेव्हा ती चालवणारे संगणक मात्र जेमतेम होते. कल्पना यावी म्हणून सांगायचे तर १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० बसला, तेव्हा तो देशातला सर्वांत मोठा संगणक होता, आणि अन्य संस्थांतील संशोधक पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथे येत. त्याची स्मृती होती ३२ हजार शब्दांची. आजच्या स्वस्तातल्या मोबाइलपुढेही ती नगण्य ठरते.

मेलबर्नच्या हिशेबाला पुरावा मिळाला तोही १९७१ च्याच सुमारास. काउली तोवर अमेरिकेत ॲरिझोनाला गेले होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत सुमिओ इइजिमा नावाचे तरुण जपानी संशोधक काम करत होते. पुढे १९९१ साली कार्बनच्या सूक्ष्मनलिकांमुळे जगप्रसिद्ध झाले ते हेच. टायटॅनियम आणि नायोबियम यांच्या एका ऑक्साइडचे त्यांनी काढलेले चित्र स्फटिकाची जाळी स्पष्ट दाखवत होते. मग मेलबर्नच्या गटाने अशा स्फटिकांची चित्रे संगणकावर हिशेबाने काढून दाखवली, आणि खरे व आभासी चित्र शेजारी ठेवून पाहण्याची प्रथा सुरू झाली. जाडी एका बाजूला, फोकस दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चौकटींत हिशेबाने काढलेली चित्रे: असा तक्ता धातुशास्त्राच्या शोधनिबंधांत आजही दिसतो. लोझानच्या पिएर स्टाडेलमान यांनी १९८७ साली यासाठी 'ईएमएस' ही प्रणाली प्रसिद्ध केली. कॉर्नेलच्या अर्ल कर्कलंड यांनी १९९८ साली पुस्तकच लिहिले आणि त्यासोबत कोडही दिला.

तुर्भ्याच्या कामासाठी हे निव्वळ कुतूहल नव्हते. भारतीय जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील दाबनळ्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळून केलेल्या मिश्रधातूच्या असतात. भाभा केंद्राचे पुढे संचालक झालेले श्रीकुमार बॅनर्जी यांनी झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंत अणूंची मांडणी तापमानानुसार कशी पालटते, याच अभ्यासाला आयुष्य दिले. अशा धातूत 'ओमेगा' नावाची एक मांडणी काही नॅनोमीटर आकाराच्या कणांत उपजते आणि धातूला ठिसूळ करू शकते. ती आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवायचे तर ते करड्या चित्रांतूनच, आणि तिथे ठिपका कशाचा हे चुकून चालत नाही.

आता पुन्हा सावल्यांकडे, आणि रामचंद्रन यांच्या पाच पानांकडे.

अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून मूळ वस्तू गणिताने परत मिळवता येते, हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ सालीच सिद्ध केले होते. फक्त त्याचा उपयोग कोणाला सुचला नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते प्रथम प्रत्यक्षात आणले केंब्रिजच्या डेव्हिड डी रोझिअर आणि ॲरन क्लुग यांनी. १९६८ साली त्यांनी जिवाणूंवर जगणाऱ्या टी-४ विषाणूच्या शेपटीची त्रिमितीय रचना तिच्या चित्रांतून उभी केली. त्यांचा मार्ग फूरिये रूपांतरातून जात होता. प्रत्येक सावलीचे रूपांतर करायचे, ती रूपांतरे एका गोलाकार जाळीवर रचायची, गोलाकार जाळीवरून चौकोनी जाळीवर अंदाजाने आणायची आणि मग उलटे रूपांतर. यातील 'अंदाजाने आणणे' हा टप्पा चुका घुसवणारा, आणि त्या काळच्या संगणकांवर वेळखाऊही.

रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी हा वळसाच वगळला. त्यांची कल्पना कोणालाही समजेल अशी आहे. सावली ज्या दिशेने पडली त्याच दिशेने ती परत कागदावर ओढायची, जणू ओल्या रंगाचा पट्टा. सर्व दिशांचे पट्टे एकमेकांवर ओढले की जिथे वस्तू होती तिथे रंग दाट होतो. पण आजूबाजूलाही रंग सांडतो, कारण प्रत्येक पट्टा वस्तूच्या पलीकडेही जातो, आणि चित्र धुक्यातल्यासारखे येते. उपाय असा: पट्टा ओढण्यापूर्वी प्रत्येक सावलीला आकड्यांच्या एका छोट्या माळेने गाळून घ्यायचे. माळेच्या मध्यभागी ०.२५. त्याच्या दोन्ही बाजूंना उणे ०.१०१. त्यापुढे शून्य. त्यापुढे उणे ०.०११. मग पुन्हा शून्य, आणि असेच उतरत जाणारे आकडे. सूत्र सांगायचे तर विषम स्थानी उणे एक भागिले स्थानाच्या आणि पायच्या वर्गांचा गुणाकार. सम स्थानी शून्य. अनंतापर्यंतची सारी बेरीज नेमकी शून्य येते. या उणे आकड्यांमुळे प्रत्येक पट्ट्याच्या कडेला थोडी 'उणी' छटा येते आणि दुसऱ्या पट्ट्यांचा सांडलेला रंग ती खाऊन टाकते. धुके विरते. हे सारे साध्या गुणाकार-बेरजांत. ज्याला पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळी लिहिता येतात, त्याला हा प्रयोग एका संध्याकाळी घरी करता येईल.

न्यायाने हेही नोंदवायला हवे की रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ साली याच जातीची युक्ती स्वतंत्रपणे दिली होती. पण आकाशातून ती पृथ्वीवरच्या सूक्ष्मचित्रांत आणि क्ष-किरणांत आणण्याचे श्रेय या दोघांकडेच जाते. लेख निघाला त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. त्या पहिल्या यंत्राची गणिती रीत वेगळी होती. नंतरच्या यंत्रांनी मात्र हीच गाळून ओढण्याची रीत उचलली आणि दशकानुदशके चालवली. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना मिळाले. रामचंद्रन यांना ते कधीच मिळाले नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात नमुना यंत्रातच अंशाअंशाने कलवून चित्रे घेणारी जी शाखा वाढली, तीही याच रीतीच्या भावंडावर उभी आहे. बोल्डरच्या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेले 'आयमॉड' हे त्यातले सर्वपरिचित सॉफ्टवेअर.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत आहे: प्रत्येक सावली कोणत्या दिशेने घेतली, ते ठाऊक असले पाहिजे. सीटी यंत्रात ते ठाऊक असतेच. प्रथिनांच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो.

प्रथिनाच्या एका रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की काही क्षणांत त्याची राख होते. म्हणून मारा अगदी कमी ठेवावा लागतो, आणि मग चित्रात रेणूपेक्षा खरखरच जास्त. झाक दुबोशे यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी पाण्याला इतक्या झपाट्याने गोठवण्याची रीत साधली की बर्फाचे स्फटिक बनत नाहीत, पाणी काचेसारखे राहते आणि रेणू त्यात शाबूत अडकतात. पण अडकतात ते कसेही: कोणी उताणा, कोणी पालथा, कोणी कुशीवर. एका चित्रात असे शेकडो रेणू. सगळे एकाच घडणीचे, प्रत्येकाची सावली वेगळ्या दिशेची, आणि दिशा कोणती हे कोणालाच माहीत नाही.

जर्मनीतून अमेरिकेला गेलेले योआखिम फ्रांक यांनी सत्तरच्या दशकापासून याच प्रश्नाचा ध्यास घेतला. त्यांची भिस्त सरासरीवर होती. लोकलच्या खडखडाटात 'पुढील स्टेशन घाटकोपर' ही घोषणा एकदा ऐकली तर शब्द कळत नाहीत. तीच घोषणा शंभरदा ध्वनिमुद्रित करून एकमेकींवर नेमकी बसवली, तर शब्द दरवेळी तेच असल्याने ठळक होतात आणि खडखडाट दरवेळी निराळा असल्याने तुलनेने दहा पट फिका पडतो. दहा हजार चित्रे असतील तर शंभर पट. फ्रांक यांचे 'स्पायडर' हे सॉफ्टवेअर १९८१ साली प्रसिद्ध झाले. सारख्या दिशेच्या सावल्या शोधून त्यांचे गट पाडणे, जुळवणे, सरासरी घेणे हे त्याचे काम. त्याच वर्षी मारिन फान हील यांचे 'इमॅजिक'ही आले. पुढे २०१२ साली केंब्रिजमधून शोर्स शेरेस यांचे 'रेलिऑन' आले, इलेक्ट्रॉन थेट मोजणारे नवे कॅमेरे आले, आणि २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल दुबोशे, फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना मिळाले. हे पारितोषिक जितके यंत्राचे, तितकेच सॉफ्टवेअरचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

पण नेमक्या याच सॉफ्टवेअरने एका मोठ्या भांडणालाही जन्म दिला. समजा, चित्रे जुळवण्यासाठी आधीच एक नमुनाचित्र हाती घेतले आणि प्रत्येक खरखरीत चित्र त्याच्याशी जास्तीत जास्त जुळेल असे सरकवले. आता हजार चित्रे अशी घ्या ज्यांत रेणू नाहीच, निव्वळ खरखर आहे. नमुनाचित्र म्हणून घ्या आइन्स्टाइनचे छायाचित्र. प्रत्येक खरखर आइन्स्टाइनशी शक्य तितकी जुळवा आणि सरासरी काढा. सरासरीत आइन्स्टाइन दिसतो! मिशा, विस्कटलेले केस, सारे काही. हा प्रयोग २००९ च्या एका शोधनिबंधात प्रत्यक्ष करून दाखवलेला आहे. २०१३ साली एचआयव्ही विषाणूच्या आवरणावरील प्रथिनाची रचना सापडल्याचा दावा प्रसिद्ध झाला, तेव्हा हेंडरसन यांनी त्याच नियतकालिकात आइन्स्टाइनच्या या दाखल्यासह लिहून आक्षेप घेतला की या चित्रांत मुळात रेणू होते याचाच पुरावा दिसत नाही. श्रीराम सुब्रमण्यम यांच्यासह इतर तज्ज्ञांनीही आक्षेप नोंदवले. प्रश्न एड्सच्या लशीशी निगडित होता, म्हणून भांडण शास्त्रीय असूनही तीव्र झाले. चित्रांचे दोन वेगळे हिस्से करून प्रत्येकावरून स्वतंत्र रचना काढायची आणि दोन्ही किती जुळतात ते तपासायचे, हा दंडक त्यानंतर अधिक काटेकोरपणे पाळला जाऊ लागला.

या पार्श्वभूमीवर पवईतील काम पाहावे. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापक अजित राजवाडे यांनी एका सहलेखकासह २०१६ साली प्रतिमासंस्करणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक निबंध सादर केला. प्रश्न असा: सावल्या खरखरीत आहेत, प्रत्येकीची दिशा अज्ञात आहे, आणि प्रत्येक सावली आपल्या जागेवरून किती सरकली आहे तेही अज्ञात. वस्तू परत मिळेल का? प्रश्न त्यांनी सपाट वस्तूपुरता घेतला. ही सूट वाटेल, पण एका अर्थाने ती अडचणच आहे. भरीव वस्तूच्या कोणत्याही दोन सावल्यांच्या फूरिये रूपांतरांत एक रेषा समान असते आणि तिच्या आधाराने दिशा शोधता येतात. सपाट वस्तूच्या सावल्यांत तसा दुवाच नसतो. अशा स्थितीतही दिशा ठरवता येऊ शकतात, हे समित बसू आणि योराम ब्रेस्लर यांनी २००० साली सिद्ध केले होते.

पवईच्या निबंधाने आधार घेतला तो सावलीच्या तीन-चार मोजमापांचा. सावलीचे एकूण वजन, तिचा मध्य, तिचा पसारा, आणि त्यापुढची तशीच मापे. वजन कोणत्याही दिशेने तेवढेच भरते. मध्य दिशेनुसार झोक्यासारखा इकडून तिकडे जातो. पसारा कमी-जास्त होतो, पण मनमानी नाही: मूळ वस्तूचे पसारे आणि दिशेचा कोन यांना बांधणारे ठरलेले सूत्र आहे. मग कोनांचा अंदाज धरून वस्तूची मापे काढायची, त्या मापांवरून कोन सुधारायचे, पुन्हा मापे, पुन्हा कोन, सूत्र जुळेपर्यंत. इथे हाती धरायला कोणतेही आइन्स्टाइनचे छायाचित्र नाही. सावल्या जे सांगतात तेवढ्यावरच भिस्त. आणि कोन एकदा हाती आले की पुढचे काम १९७१ च्या त्या पाच पानांत लिहिलेलेच आहे. एक संदिग्धता मात्र कोणत्याही रीतीने सुटत नाही. वस्तू आणि आरशातले तिचे प्रतिबिंब, दोघांच्या सावल्यांचा संच एकच असतो. डावे की उजवे, हे सावल्या सांगत नाहीत.

भारतात अशी सॉफ्टवेअरे वापरणारे पुष्कळ आणि त्यांच्या आतल्या गणिताला हात घालणारे थोडे, ही वस्तुस्थिती आहे. यंत्रांची टंचाई हे त्याचे एक कारण. गोठवलेल्या रेणूंसाठीचे पहिले मोठे राष्ट्रीय केंद्र बंगळूरला २०१७ साली सुरू झाले, म्हणजे नोबेलच्याच वर्षी.

मग २०२० उजाडले. १९ फेब्रुवारीला अमेरिकेतील टेक्सासच्या गटाने नव्या करोना विषाणूच्या काट्याची रचना जाहीर केली. हजारो चित्रफितींतून रेणू वेचून, संगणकाने त्यांच्या दिशा ठरवून ती साडेतीन अँगस्ट्रॉमपर्यंत नेलेली होती. मार्चअखेरीस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील चित्रे प्रसिद्ध झाली. केरळमधील देशातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातील नमुन्यात विषाणूचे सात कण दिसले होते, आणि त्यांतला एक उत्तम टिकलेला कण ७५ नॅनोमीटरचा होता. दोन्ही चित्रे एकाच विषाणूची, एकाच हंगामातली. पुण्याच्या चित्राचे काम रोगकारक ओळखण्याचे होते आणि त्यासाठी अनुभवी डोळा पुरेसा होता. टेक्ससच्या रचनेचे काम लशीला दिशा देण्याचे, आणि ती सॉफ्टवेअरवाचून अशक्य होती. महासाथीच्याच त्या काळात केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने अशा सूक्ष्मदर्शकांची चार राष्ट्रीय केंद्रे मंजूर केली: मद्रास आणि कानपूरच्या आयआयटी, कोलकात्याची बोस संस्था, आणि पवईची आयआयटी.

यंत्र कोट्यवधींचे असते. गणिताला तेवढा खर्च नाही. 'रेलिऑन' आणि 'आयमॉड' विनामूल्य मिळतात. मूळ चित्रांचे भांडारही इंग्लंडमधील हिंक्स्टन येथे खुले ठेवलेले आहे. त्या भांडारात १००२८ या क्रमांकाखाली जो संच आहे, तो जगभरच्या नव्या सॉफ्टवेअरांची चाचणी घेण्यासाठी वापरला जातो. त्यात १,०५,२४७ रेणूंच्या सावल्या आहेत, आणि त्या सर्व एकाच गोष्टीच्या आहेत: हिवतापाच्या परजीवीतील रायबोसोमच्या, ज्याला एमेटिन हे जुने औषध चिकटलेले आहे.